महाडचा सूर्य

माझ्या प्रबंधाच्या विषयाचं पूर्ण नाव आमच्या घरात कुणीच कधी घेतलं नाही. आई त्याला 'तिचं ते' म्हणायची. शेजारचे चाचा 'सूर्याचं काम' म्हणायचे. बाबा तेवढे 'संशोधन' म्हणायचे, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. एखाद्याने नाहीच विचारला, तर बाबा तो स्वतः विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे.

बाबा पोलादपूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवत. घर महाडला. सकाळी एसटीने जायचं, संध्याकाळी एसटीने यायचं, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा शिरस्ता. मी मुंबईला पीएचडीला लागले आणि त्या एसटीला एक नवा विषय मिळाला. सुट्टीत घरी आले की स्टँडवर ओळखीचे कंडक्टर मला थांबवून विचारत, "काय ताई, गावला का तो काळा पदार्थ?" मी नाही म्हटलं की मलाच धीर देत, "गावंल, गावंल. सर सांगत व्हते, घाईचा काम नाय." हे ऐकून मला हसू यायचं आणि थोडी धडकीही भरायची. माझ्या कामाची इतकी खात्री खुद्द माझ्या मार्गदर्शकांना नव्हती.

आता हे काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आकाशगंगा ज्या वेगाने फिरतात, तेवढ्या वेगाने फिरूनही विखरायच्या नसतील तर त्यांच्यात दिसतं त्याच्या कितीतरी पट जास्त वजन हवं. ते वजन आहे, पण दिसत नाही. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय, कुणालाच ठाऊक नाही. एक अंदाज असा, की त्याचे कण सगळीकडे भटकत असतात, त्यातले थोडे सूर्यातून जाताना धडपडतात, वेग हरवून बसतात आणि हळूहळू सूर्याच्या गाभ्यात गोळा होतात. तिथे दाटी झाली की दोन कण एकमेकांवर आदळून नाहीसे होतात, आणि त्यातून जे निघतं त्यात न्यूट्रिनो असतात. बाकीचं सगळं सूर्यातच जिरतं. न्यूट्रिनोला मात्र कशाची म्हणून आडकाठी वाटत नाही. तो सूर्यातून, पृथ्वीतून, तुमच्याआमच्यातून आरपार जातो. सूर्याच्या रोजच्या जळण्यातूनही न्यूट्रिनो येतातच, पण ते मवाळ. हे दुसरे असलेच तर चांगले जोरकस असणार. तेव्हा सूर्याच्या दिशेकडून असे जोरकस न्यूट्रिनो येतात का, एवढंच बघायचं होतं.

ते बघायला पूर्वेकडच्या एका दूरच्या देशात, डोंगराच्या पोटात, पाण्याची एक अजस्र टाकी होती. लाखो कोटींतला एखादा न्यूट्रिनो चुकूनमाकून कशाला तरी धडकतो, टाकीत उजेडाची एक रेघ उमटते आणि त्यावरून तो कुठून आला ते कळतं. वरून इतर कणांचा मारा सतत चालू असतो, म्हणून वरून आलेलं काही धरायचंच नाही. फक्त जमिनीखालून वर आलेलं मोजायचं, कारण पृथ्वी ओलांडून येण्याची धमक एकट्या न्यूट्रिनोत असते. थोडक्यात, टाकीच्या गावी सूर्य मावळून पायाखाली गेला की आमचं सूर्याकडे बघणं सुरू.

आईने हे सगळं एकदा भाजी निवडता निवडता शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे जे दिसत नाही, जे आहे की नाही माहीत नाही, ते सूर्य मावळल्यावर सूर्यात शोधायचं. आणि त्यासाठी तुला घरी फोन करायला वेळ नसतो."

चाचांची प्रतिक्रिया अधिक व्यवहारी होती. ते बरीच वर्षं आखातात ट्रक चालवून परत आलेले, आता महाडात त्यांचे स्वतःचे दोन ट्रक होते. न्यूट्रिनो डोंगरातून आरपार जातो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कशेडी घाटात दरड पडली तरी थांबत नाय?"

"नाही चाचा."

"आंबेनळीत?"

"कुठेच नाही."

"मग त्याला माझ्याकडं लाव कामाला," चाचा म्हणाले. "माझा डायवर चा प्यायलासुदा थांबतो."

नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं असतील. त्या एप्रिलच्या शेवटी बाबा निवृत्त होणार होते. मी टाकीच्या देशात वर्षभर राहून सगळ्या नोंदी घेऊन परतले होते, आणि संस्थेचा पाटासारखा जड लॅपटॉप घेऊन महिनाभरासाठी घरी आले होते. काम शेवटच्या टप्प्यात होतं. शाळेने बाबांचा निरोप समारंभ एका शनिवारी दुपारी ठेवला होता आणि छापील पत्रिकेत, हार-नारळ आणि आभारप्रदर्शनाच्या मधे, 'सरांच्या कन्येचे व्याख्यान' अशी एक ओळ होती. ती कुणी घालायला लावली, हे विचारायची गरज नव्हती.

"मी शाळेत आहे तोवर सापडलं तर बरं होईल," बाबा मला म्हणाले. अगदी सहज म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

मी त्यांना समजावलं, की माझ्या हातात काही नाही. आमच्या कामाची रीतच तशी आहे. सूर्याची खरी जागा आधी झाकून ठेवायची. आकाशात इकडेतिकडे खोटे सूर्य मांडायचे, त्यांच्यावर सगळी पद्धत बसवून घ्यायची, म्हणजे मनातल्या इच्छेने आकडे वाकत नाहीत. पद्धत पक्की झाली की तिला हात लावायचा नाही आणि मग एकदाच खरा सूर्य उघडायचा. जे निघेल ते निघेल. माझ्या मार्गदर्शकांचा निरोप आला होता, की पद्धत पक्की धरली आहे, आता एका अक्षरालाही हात लावू नकोस, उघडायची परवानगी बुधवारपर्यंत कळवतो.

बाबांना झाकलेल्या सूर्याची कल्पना फार आवडली. पण गणिताचा मास्तर तो. त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हा खरा सूर्य कुठे आहे, हे तुझ्या यंत्राला कोण सांगतं?"

"सूत्र आहे, बाबा."

"ते बरोबर आहे कशावरून?"

"सगळं जग तेच वापरतं."

"सगळं जग वापरतं, एवढ्या कारणावर मी वर्गात कधी काही शिकवलं नाही," बाबा म्हणाले. "आपण तपासू."

म्हणून त्या रविवारी आम्ही महाडच्या रणरणत्या उन्हात गच्चीवर सूर्य तपासला. बाबांनी शाळेची मीटरची लाकडी पट्टी आणली होती. ती सरळ उभी राहावी म्हणून दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा लावला. चाचा बोलावल्याशिवाय आले, कारण हा त्यांच्या हक्काचा प्रांत. मोहल्ल्याच्या मशिदीतल्या नमाजाच्या वेळांचा तक्ता दरवर्षी तेच तयार करत. सूर्य माथ्यावरून कधी ढळतो, सावली काठीएवढी कधी होते, हे त्यांना पाठ होतं. घड्याळात बारा वाजले तेव्हा मी सावली मोजायला वाकले, तर चाचा म्हणाले, "थांब गो. घड्याळाचा बारा येगळा, म्हाडचा बारा येगळा. अजून अर्धा तास हाय." खरंच, साडेबारा उलटून गेल्यावर सावली सर्वांत आखूड झाली, जेमतेम चार बोटं.

मी काय केलं, तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जागेचे दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश, तिथे टाकीच्या गावाऐवजी महाडचे घातले. ओळीच्या पुढे गमतीने 'घर' असं लिहिलं. हात लावायचा नाही असं सांगितलेल्या गोष्टीला मी हात लावत होते, हे मला कळत होतं. पण दोन आकडे ते, तपासून झालं की परत घालू. दर अर्ध्या तासाने यंत्र सूर्याची जागा सांगायचं, आम्ही सावली मोजायचो. दुपारी चारपर्यंत सगळं तंतोतंत जुळलं. आईने तिसऱ्यांदा पाठवलेलं कोकम सरबत पिऊन बाबांनी त्या कागदावर लाल पेनाने बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि तारीख टाकली. माझ्या सूर्याला पैकीच्या पैकी मिळाले. त्या आनंदात मी लॅपटॉप मिटला आणि आंघोळीला गेले.

बुधवारी सायबर कॅफेत जाऊन मेल पाहिला. परवानगी आली होती. घरी येऊन मी झाकण काढलं आणि प्रोग्रॅम चालू केला. आमच्या आलेखात प्रत्येक न्यूट्रिनोचं एक टिंब. ते सूर्यापासून जितकं दूरच्या दिशेने आलेलं, तितकं उजवीकडे. सूर्यात काही नसेल तर वातावरणातून येणाऱ्या इतर न्यूट्रिनोंची टिंबं तेवढी सगळीकडे सारखी विखुरलेली दिसणार, आणि असेल तर डावीकडे, सूर्याजवळ, गर्दी होणार. डावीकडे गर्दी होती. फार नव्हती, टिंबं हाताच्या बोटांवर मोजता आली असती, पण होती. मी ती तीनदा मोजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की कंडक्टरांचं बरोबर असेल.

संध्याकाळी बाबा आले. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी माझं तोंड पाहिलं. "काय?"

"बाबा, काहीतरी आहेसं वाटतंय. पण अजून कुणाला सांगायचं नाही. पुष्कळ तपासायचं आहे."

"अगं, मी कशाला कुणाला सांगतोय?" बाबा म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी ते हापूसची पेटी घेऊन परतले. एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी अभिनंदन म्हणून दिली होती. 'वाटतंय' हा शब्द महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान कुठेतरी गाडीतून खाली पडला होता. मी चिडले. बाबांनी हात वर केले, "एकट्या मुख्याध्यापकांना सांगितलं." त्या शाळेत एकट्या मुख्याध्यापकांना सांगणं म्हणजे काय, हे घंटा वाजवणाऱ्या शिपायालाही ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर माझी चीड वरवरची होती. आतून मीही चढले होते हरभऱ्याच्या झाडावर. मार्गदर्शकांना लिहिलं, तर त्यांनी कोरडेपणाने कळवलं, पुन्हा तपास. मी तपासलं. टाकीच्या नोंदी तपासल्या, रेघा तपासल्या, खोटे सूर्य पुन्हा मांडून पाहिले. एक सूर्य तेवढा तपासला नाही. तो बाबांनी तपासलेला होता.

शुक्रवारी दुपारी जुम्म्याचा नमाज पढून चाचा आमच्याकडे आले. पांढरीशुभ्र टोपी, अत्तर. "सगळ्या म्हाडाला माहिती हाय, न् शेजाऱ्याला नाय. दाखव बघू काय गावलंय ते." मी मोठ्या हौसेने आलेख दाखवला. चाचांनी बराच वेळ टिंबं पाहिली.

"ह्यो सूर्य म्हंजे आपण गच्चीवर मापला तोच?"

"तोच की."

"न् टाकी त्या तिकडं, पूर्वेला?"

"हो."

"मग टाकीचा सूर्य न् गच्चीवरचा सूर्य एका टायमाला एका जागी कसा असंल गो?"

मी हसले. म्हटलं, "नाही चाचा, गच्चीवरचं नुसतं तपासण्यापुरतं होतं, नंतर मी ते आकडे परत..." आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

चाचांना त्याची कल्पना नव्हती. ते आपल्या ओघात सांगत होते, की आखातातून येताना त्यांनी अजान देणारं घड्याळ आणलं होतं. त्यात आधी शहर निवडायचं, मग ते त्या शहराच्या सूर्याप्रमाणे अजान देतं. घरी आल्यावर त्यांनी काटे इथल्या वेळेला लावले, शहर मात्र आखातातलंच राहिलं. रमजानचा पहिला रोजा. घड्याळाने अजान दिली, सगळ्यांनी खजूर तोंडाजवळ नेला, आणि चाचींनी खिडकीतून पाहिलं तर सूर्य समोरच्या डोंगरावर चांगला हातभर वर. "माझी बायको म्हनते, ह्यो तुमचा सूर्य दुबईला बुडाला, हितला अजून कामावर हाय." चाचा स्वतःच्याच गोष्टीवर पोट धरून हसले. तोवर मी प्रोग्रॅम उघडला होता. वरची ओळ तिथेच होती. महाडचे अक्षांश, महाडचे रेखांश, आणि पुढे माझ्याच हातचं, 'घर'.

टाकीतल्या प्रत्येक रेघेची दिशा टाकीच्या जागेवरून मोजलेली होती, आणि सूर्याची दिशा आमच्या गच्चीवरून. एवढे खोटे सूर्य मांडून झाल्यावर मी शेवटी उघडला तोही एक खोटाच सूर्य. योगायोगाने टिंबांनी नेमकी त्याच्याभोवती गर्दी केली होती. मी आकडे बदलले आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. चहा होईपर्यंत नवा आलेख आला. टिंबं सगळीकडे सारखी पसरलेली, डावीकडे काही म्हणजे काही नाही.

"मी नाय ना काय मोडलं?" चाचांनी हळूच विचारलं.

"नाही चाचा. तुम्ही वाचवलंत," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हेही खरं.

संध्याकाळी बाबा आले ते इतके खुशीत, की सांगणं मी सकाळवर ढकललं. मुख्याध्यापक फळ्यावर रंगीत खडूने काय लिहिणार, तहसील कचेरीतून कोण येणार, हे ते आईला सांगत होते. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना जास्तीचा आंबा कापून दिला. तिला काय कळलं होतं कुणास ठाऊक. आई असल्या गोष्टी कळून घेते आणि विचारत नाही.

शनिवारी सकाळी बाबा शर्टाला इस्त्री करत होते तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, गच्चीपासून. त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"कुणाला बोललीस हे?"

"चाचांना माहीत आहे. आज मुंबईलाही कळवणार."

"मुंबईला कळव." ते शर्टाकडे बघत होते. "पोलादपूरला आज नको. खोटं बोल असं म्हणत नाही मी. न्यूट्रिनो काय ते सांग, टाकी सांग, आणि बस खाली. सोमवारी सगळ्यांना खरं सांगू. सोमवारी मी तिथे नसेन."

बाबांनी माझ्याकडे याआधी कधी काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी 'बरं' म्हणाले.

चाचांनी समारंभाला यायचं टाळलं. "मी आलो तर लोक म्हनतील, ह्यानंच खेळ मोडला," ते म्हणाले. आम्ही तिघं एसटीने गेलो. कंडक्टरने बाबांच्या तिकिटाचे पैसे घ्यायला नकार दिला, ते त्यांना पटेना, त्या ओढाताणीत पोलादपूर आलं.

सभागृहात पंखे कमी आणि माणसं जास्त होती. फळ्यावर सूर्य काढला होता, त्याला किरणं होती आणि पोटात काळा गोळा होता. मुख्याध्यापकांनी माझी ओळख करून देताना 'सूर्याच्या पोटातलं गुपित हुडकणारी आपल्या सरांची लेक' असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मी ठरल्याप्रमाणे बोलले. आकाशगंगा सांगितल्या, टाकी सांगितली. कशेडीच्या दरडीचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. पंधरा मिनिटांत मी माझं व्याख्यान सुखरूप किनाऱ्याला आणलं होतं, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?"

नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिने आपली वही उघडली, पेन सरसावलं. "ताई, म्हणजे सूर्यात ते किती सापडलं?"

ती लिहून घेणार होती. मी बाबांकडे पाहिलं. ते गळ्यातल्या हाराची एक पाकळी सरळ करत होते, आणि वर बघत नव्हते. मला त्यांची इतकी दया आली, की खोटं बोलायला मी तयार होते, अगदी तोंड उघडलं होतं. पण त्या मुलीचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

"काहीच नाही सापडलं," मी म्हटलं.

मग थांबता आलंच नाही. बुधवारी सापडलंसं वाटलं होतं, ते चूक होतं. चूक माझी होती, टाकी तिकडे आणि मी लावला होता महाडचा सूर्य. आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग मागून एक कंडक्टर, जो खास रजा घेऊन आला होता, मोठ्याने म्हणाला, "म्हाडचा सूर्य म्हाडालाच पुरत नाय, तिकडं कुठं न्हेलास!" आणि सगळं सभागृह हसलं. त्या हसण्यात बाबा उठले. त्यांनी माइक घेतला, तो नेहमीप्रमाणे आधी खरखरला.

"तो सूर्य मी तपासला होता," बाबा म्हणाले. "कागदावर सही माझी आहे. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न कुठला चालू आहे ते मी पाहिलं नाही. हे मार्क माझे कापा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समारंभ पुढे रीतसर पार पडला, शाल, नारळ, डोळे पुसणं, सगळं. त्या मुलीने वहीत 'काहीच नाही' असं लिहून खाली रेघ मारलेली मी जाताना पाहिली.

परतीच्या एसटीत आई पुढे एका ओळखीच्या बाईंशेजारी बसली. बाबा खिडकीशी आणि मी त्यांच्या बाजूला. शाल मांडीवर, नारळाची पिशवी पायाशी. मला वाटलं, मी त्यांचा शेवटचा दिवस नासवला. लोहारे गेलं, राजेवाडी आली. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"नाही." ते बाहेर बघत होते. "छत्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो, चुकलात तर सांगा म्हणून पोरांच्या मागे लागलो. आणि आज सकाळी स्वतःच्या मुलीला म्हणालो, गप्प बस. का, तर सोमवारपासून मला कुणी काही विचारणार नाही. आज तेवढं शेवटचं विचारतील, तेव्हा सांगायला काहीतरी असावं." त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. "त्याची मला लाज वाटते."

बाबांना लाज वाटते हे बाबांकडून ऐकायची सवय नव्हती मला. मी त्यांचा हात धरला. आमच्याकडे असं कुणी एसटीत करत नाही. त्यांनी तो काढून घेतला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी नाक शिंकरलं, चष्मा पुसला. "मग आता काय लिहिणार प्रबंधात? काही सापडलं नाही, एवढंच?"

"एवढंच नाही. सापडलं नाही, म्हणजे सूर्यात ते असलंच तर जास्तीत जास्त किती असू शकतं, याची एक मर्यादा काढता येते. असलं तर याहून कमीच, असं ठामपणे सांगता येतं."

"ते कसं काढतात?"

मी सांगू लागले. तिकिटाच्या मागे आकृती काढली, आकडे मांडले, घाईघाईत, कारण महाड जवळ येत होतं. बाबा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. ते सगळ्या गावाचे सर होते, घरात ते कायम सांगणारे आणि आम्ही ऐकणारे. नांगलवाडीच्या वळणावर त्यांनी माझं पेन थांबवलं.

"कळलं नाही," ते म्हणाले. "परत सांग."

मी तिकीट उलटं केलं. त्यावर जागा उरली नव्हती, म्हणून बाबांनी खिशातून समारंभाची पत्रिका काढली आणि तिची कोरी बाजू माझ्यापुढे धरली.